लसूणघासाचा एक भारा आणि एक आंघोळ

हैदराबादहून शिर्डीला विमानानं किती वेळ लागतो, असं मला दिवसाकाठी चार-पाच जण तरी विचारतात. मी तिकिटावरचं सांगते, एक तास वीस मिनिटं. विचारणाऱ्याचं समाधान होतं. पण तो काही हवेतला वेळ नव्हे. इथं चाकाखालचे ठोकळे काढल्यापासून तिथं ठोकळे लावेपर्यंतचा तो वेळ. त्यात इथलं रांगेत थांबणं आलं, तिथं उतरल्यावर रांगत जागेवर जाणं आलं. नुसतं हवेत म्हणाल तर तास, फार तर वर पाच मिनिटं. अंतर पाचशे किलोमीटरच्या आसपास, तेही पाखराच्या वाटेनं. रेल्वेनं मला तेच अंतर कापायला पंधरा-सोळा तास लागतात.

मी विमानतळावर व्हीलचेअर ढकलते. माझं माहेर राहात्याहून काकडीच्या विमानतळाकडं जाताना लागणाऱ्या एका वाडीत. शिर्डीचं विमान आमच्या पेरूच्या बागेवरूनच उतरतं. म्हणजे असं, की ज्या विमानाच्या दारापर्यंत मी रोज सकाळी माणसं नेऊन सोडते, ते तासाभरात माझ्या बापाच्या डोक्यावर असतं, आणि मी दारातूनच मागं फिरते. या नोकरीच्या चौदा वर्षांत वेगवेगळ्या विमानांत किती माणसं बसवली ते सांगता यायचं नाही. स्वतः बसले एकदाच, भावाच्या मुलाच्या कानात नाव सांगायला. त्या एकदाबद्दल लिहा, असं या अंकाच्या संपादकताई म्हणाल्या. त्यांच्या आईंना मी खुर्चीतून नेत होते, तेव्हा आमच्या गप्पा त्यांनी ऐकल्या होत्या. माझी शाळा आठवीत सुटली. लिहिताना काही चुकलं तर पोटात घाला.

आधी आमचं काम सांगते. लोकांना वाटतं खुर्ची ढकलायची, त्यात काय. पण खुर्चीतली माणसं सगळी सारखी नसतात. काहींना चालवत नाही पण चार पायऱ्या चढता येतात. काहींना पायऱ्याही नको. काहींना तर उचलूनच जागेवर बसवावं लागतं, त्यासाठी अरुंद खुर्ची वेगळी असते, ती आतल्या बोळातून जाते. ही माणसं सगळ्यांत आधी चढतात आणि सगळ्यांत शेवटी उतरतात. शिर्डीचं विमान बुटकं, दोन पंख्यांचं. त्याच्या मागच्या दाराला उतार लावायचा आणि खुर्ची वर घ्यायची. वर घेताना पाठ विमानाकडं करायची नाही, माणसाशी बोलणं थांबवायचं नाही. बोलणं थांबलं की माणूस घाबरतं.

आणि चौथा एक प्रकार आहे, तो कुठल्या कागदावर नाही. संगमनेरच्या एक आजी आल्या होत्या. खुर्चीत बसल्या आणि त्यांनी झकास मांडी घातली.

मी म्हटलं, "आजी, पाय दुखतात का?"

"न्हाई गं बाई. पाय धड हायेत. पर त्या पाट्या वाचता येत न्हाईत, आन कुनाला इचारावं तर समदे कानात बोंडं घालून चाललेले. ल्योक म्हनला, आई, खुर्ची सांग. खुर्ची कदी हरवत न्हाई."

मी हसले. त्यांना माझी बोली कळली. कुठली तू, विचारलं. राहात्याकडची, म्हटलं.

"आन हितं काय करतीस मंग?"

"तुमाला माझ्या गावाला पोचवते."

विमानात जागेवर बसवल्यावर त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "चल की मंग. ही शेजारची जागा मोकळीच दिसती," म्हणाल्या. मागं लोक खोळंबले होते. मी त्यांचा पट्टा लावला आणि खाली उतरले. असं कुणी म्हटलं की पुढचा अर्धा दिवस माझं कामात लक्ष लागत नाही. पण कुणी म्हटलं नाही तरी चुकल्यासारखं होतं.

या नोकरीत मी टिकले ती आमच्या सुपरवायझर पद्मा मॅडममुळं. शिर्डीचं विमान नवंनवं सुरू झालं होतं, तेव्हा एक दिवस त्याचं गेट, म्हणजे विमानाकडं जायचं दार, बदललं. फलकावर लिहिलेलं होतं, पण मी इंग्रजी पाट्या तेव्हा लोकांची पाठ बघून वाचायची. ज्या दारापाशी नऊवारी, टोप्या आणि हातात हार दिसले ते शिर्डीचं, हा माझा हिशेब. त्या दिवशी ती मंडळी तिरुपतीला निघाली होती. एका म्हाताऱ्या गृहस्थांना घेऊन मी भलत्याच दारात उभी. मॅडमनी वायरलेसवर सांगून विमान चार मिनिटं थांबवलं. आता नोकरी गेली, असं धरून मी त्यांच्यासमोर उभी राहिले. त्यांनी एका कागदावर इंग्रजी अक्षरं लिहून दिली. एस, ए, जी. हे शिर्डी. "रोज दहा वेळा लिहायचं," म्हणाल्या. बाकीचं इंग्रजी नंतर आलं, पण बोट न ठेवता वाचलेली पहिली अक्षरं तीच.

त्याच दिवशी दुपारी तात्यांचा फोन. तात्या म्हणजे माझे वडील. "आज इमान चार मिंटं उशिरा आलं. वाटंत कुनी आडवलं का काय?"

"मीच अडवलं तात्या," मी म्हटलं.

"तू? मंग चांगलं हाय. म्या म्हनलं बिघाड झाला."

तात्यांना कसं कळलं, तर आमचा एक रिवाज होता. विमानाचं दार लागलं, मी परतीच्या बसमध्ये बसले, की तात्यांना एक मिस कॉल द्यायचा. म्हणजे निघालं. मग विमान बागेवरून खाली उतरताना दिसलं की तात्या मला मिस कॉल द्यायचे. म्हणजे पोचलं. बोलायचं काही नाही. ड्युटीवर फोन चालत नाही, पण तेवढं पद्मा मॅडम बघून न बघितल्यासारखं करायच्या. मधल्या वेळात तात्या गाईंसाठी लसूणघास कापायचे, त्याची कुट्टी करायचे आणि आंघोळ उरकायचे. ओल्या अंगानं बाहेर यायला आणि पंख्याचा आवाज यायला गाठ पडायची. कुणी विचारलं, तुमची लेक किती लांब हाय, तर तात्या सांगायचे, "लई न्हाई. घासाचा एक भारा आन एक आंघोळ."

आमची आई मी आठवीत असताना गेली. तेव्हा माझा भाऊ दत्तू तीन वर्षांचा होता. त्याला कडेवर घेऊन शाळेत जाता येईना, म्हणून शाळा सुटली. त्याला मी वाढवला. त्याचं लग्न झालं आणि पुढं अकरा वर्षं पाळणा हलला नाही. माणसं दत्तूची बायको वैशाली हिला काय काय बोलली, ते लिहीत नाही. मग मुलगा झाला. तात्यांनी त्या दिवशी मिस कॉल दिला नाही, सरळ फोन केला आणि नुसते हुंदके दिले. मला आधी वाटलं, काही वाईटच झालं.

आमच्याकडं बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा. नाव आत्यानं ठरवायचं, आणि पाळण्यात वाकून बाळाच्या कानात सांगेपर्यंत कुणालाही कळू द्यायचं नाही. तिनं कुर्रर्र केलं की मागं उभ्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. सख्खी आत्या मी एकटीच. आणि खरं सांगायचं तर नाव कितीतरी वर्षं तयारच होतं. आमच्या कामात रोज शेकडो नावं हाताखालून जातात. प्रत्येकाचा पास तपासायचा, नाव वाचायचं, माणसाकडं बघायचं. एकदा एक पंचविशीचा तरुण आजीच्या खुर्चीबरोबर चालत होता. तिची चप्पल निसटली की न कंटाळता खाली बसायचा आणि घालायचा. पाच वेळा निसटली असेल. मी त्याचा पास परत घेऊन नाव वाचलं आणि मनात ठेवून दिलं. दत्तूला मुलगा झाला तर हे.

वैशालीनं फोनवर एकच अट घातली होती. "ताई, काय बी ठेवा, फकस्त साई नको. वाडीत सहा साई हायेत. हाक मारली की समदेच 'ओ' देत्यात."

"न्हाई ठेवत," मी म्हटलं. "पण कोनतं ते सांगनार न्हाई."

नाताळच्या गर्दीचे दिवस. रजा मिळाली दोनच दिवसांची, आणि तीही मॅडमनी दुसऱ्या कुणाचा विरस करून दिली. रेल्वेनं जाण्यायेण्यातच दीड दिवस गेला असता. म्हणून आमच्या यांनी विमानाचं तिकीट काढलं. बारसं साडेदहाला, विमान पावणेदहाला उतरणार, दत्तू मोटारसायकल घेऊन विमानतळावर. रात्रभर मला झोप नाही. काय विसरेल, काय चुकेल. नाव तर दहा वेळा मनात म्हणून बघितलं.

सकाळी मी सामान घेऊन आले, तर माझ्याबरोबर काम करणारी रजिया खुर्ची घेऊन उभी. ती हैदराबादचीच. "बैठ जा गे," म्हणाली.

"चल, काहीतरीच. मला काय झालंय?"

"नक्को नक्को मत कर. आज तू पैसेंजर है."

बसवलंच तिनं. सगळ्या पोरी हसतायत, मी तोंडावर पदर घेतलेला. चौदा वर्षांत मला पहिल्यांदा कळलं, की खुर्चीत बसल्यावर माणसाला समोरच्याचं पोट दिसतं, चेहरा दिसत नाही. म्हणून ती माणसं मान वर करून करून बोलतात. तेव्हापासून मी वाकून बोलते. दारात रजियानं उगीचच म्हटलं, "मॅडम, आपका पास." मी तिच्या हातावर चापट मारली, तात्यांना मिस कॉल दिला, आणि फोन बंद केला.

वर गेल्यावर मला भीती वाटली नाही. खाली रान, तळी, रस्ते. बीड कधी गेलं, काही कळलं नाही, माझ्या शेजारचे गृहस्थ सांगत होते म्हणून कळलं. मग खालचं सगळं पांढरं झालं. कापूस पिंजून पसरल्यासारखं. ऊन वर होतं, आणि खाली काहीच नव्हतं. विमानानं एक पंख खाली केला, वळलं. थोड्या वेळानं परत तसंच वळलं.

शेजारचे म्हणाले, "उतरतंय वाटतं."

मला माहीत होतं, उतरत नाही. धुक्यात अडकून परत आलेली माणसं मी खुर्चीतून बाहेर आणलेली होती. पद्मा मॅडमनी एकदा मला समजावून सांगितलं होतं, की प्रत्येक विमान तीन कामांपुरतं तेल घेऊन निघतं. जायचं, तिथं वाट बघत फिरायचं, आणि उतरता नाही आलं तर दुसरीकडं किंवा परत जायचं. तेव्हा मी म्हटलं होतं, सासुरवाशिणीसारखंच की. माहेरी जाताना परतीचं आधी ठरलेलं.

अर्धा तास आम्ही फिरलो. प्रत्येक फेरीला पंख्यांचा आवाज तोच, जो तात्या रोज ऐकतात. डाव्या पंखाच्या खाली कुठंतरी आमची बाग होती, अंगणात बायका होत्या, पाळणा बांधलेला होता. फार तर दोन-तीन किलोमीटर, सरळ खाली. माझ्या अगदी ओठावर नाव आलं. काचेला तोंड लावून म्हणावं असं वाटलं. पण वरून टाकलेलं नाव कुणाच्या कानाला लागतं? गिळून टाकलं. मग वैमानिकानं इंग्रजीत आणि हिंदीत सांगितलं, की खाली दिसत नाही, आपण हैदराबादला परत जातोय. शेजारचे चिडले. मी पट्टा घट्ट केला. त्या वेळी मी काय केलं असं कुणी विचारलं तर तेवढंच. पट्टा घट्ट केला.

हैदराबादला दार उघडलं तर समोर रजिया, खुर्च्या घेऊन. परत आलेल्या विमानासाठी तिची ड्युटी लागली होती. मी फोन चालू केला. तात्यांचे सतरा मिस कॉल.

मी लावला. मागं बायकांचा गलका.

"कुठवर आलीस? फाट्यावर का?"

"तात्या, मी हैदराबादलाय."

"आगं पर इमान वाजलं की! म्या सोता ऐकलं. धा येळा वाजलं."

"वाजलं. मी त्यातच हुते."

"मंग?"

"मंग परत आले."

थोड्या वेळानं दत्तू विमानतळावरून एकटाच घरी पोचला, आणि घरी काय झालं ते त्यानं फोन करून सांगितलं. तो विमानतळावर वाट बघत थांबला होता, तिथून घरी फोन लागत नव्हता. इकडं तात्यांनी आवाज ऐकला. एरवी ते आवाज ऐकून वर बघतात आणि विमान खाली जाताना दिसलं की मगच पोचलं म्हणतात. त्या दिवशी धुक्यात बघायला काही नव्हतंच. आवाज आला म्हणजे लेक आली. त्यांनी अंगणातूनच ओरडून सांगितलं, "आली गं, आली! घाला लेकरू पाळन्यात!" बायकांनी घातलं. पाळणे म्हणून झाले. तास गेला. बाळ रडून रडून लाल झालं. पण पाळण्यात घातलेलं बाळ बिननावाचं उचलायचं नाही. म्हाताऱ्या अडून बसल्या. शेवटी आमच्या चुलत्यांच्या मुलीला, राहात्याच्या मंदाला, पुढं केलं. तीही नात्यानं आत्याच. तिला कुणीतरी पाठीमागून ढकललं. नाव कोणतं, कुणाला ठाऊक? मंदा घाबरली, तिला काही सुचेना, आणि तिनं कानात सांगितलं: साईनाथ.

वाडीत आता सात साई झाले.

मी फोनवर हसले. दत्तूला वाटलं मला राग आला नाही. रजियानं माझा फोन काढून घेतला आणि मला परत खुर्चीत बसवलं. या वेळी मी नको म्हटलं नाही.

मॅडम म्हणाल्या, रजेचा दिवस उरलाय, घरी जा. मी दुसऱ्या दिवशी कामावर आले. घरी बसून काय करणार? शिर्डीच्या विमानाला माणसं बसवली, दार लागलं, मिस कॉल दिला. परतीचा आला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. आठवडा झाला. विमान वेळेवर पोचलंय हे मला फलकावर दिसायचं, पण ते काही खरं वाटेना. शेवटी मी फोन केला.

"तात्या, रागावला का?"

"मपल्याच कानानं घात केला पोरी. आवाजावर काय भरोसा ठेवायचा. आता म्या न्हाई सांगत, इमान आलं म्हनून."

"मग मला कसं कळायचं?"



माघात मला आठ दिवसांची रजा मिळाली. रेल्वेनं गेले. सोळा तास बाकावर बसून मी एकच विचार करत होते. वैशाली फोनवर म्हणाली होती, "ताई, कागदावर अजून नाव घातलं न्हाई. तुमी या. तुमच्या तोंडून यील तेच ठिवू." म्हणजे अजून माझ्या हातात होतं. इतक्या वर्षांचं नाव होतं. तो तरुण, ती चप्पल, सगळं होतं. आणि साई नको, हे तर वैशालीनंच सांगितलेलं.

घरी पोचले तेव्हा बायकांनी पाळणा परत बांधला होता. मंदाही राहात्याहून आली होती. मला बघून ती स्वयंपाकघरातच घुटमळत राहिली. मी पाया पडायला गेले तर तात्या म्हणाले, "आधी लेकराकडं जा." वैशाली बाळाला घेऊन आली. मी हात पुढं केले तर ते माझ्याकडं येईना. तेवढ्यात मंदा आतून भांडं घेऊन बाहेर आली. तिनं जाता जाता नुसतं "साई" म्हटलं, आणि बाळानं मान वळवली. महिन्या-दीड महिन्याचं पोर, त्याला काय कळतं, आवाजाला वळलं असेल. पण सगळं घर हसलं. दत्तू म्हणाला, "बघ, 'ओ' देतो." म्हणाला आणि माझं तोंड बघून बाळाचं दुपटं सारखं करायला लागला.

बाळाला पाळण्यात घातलं. म्हातारी मंडळी म्हणाली, "सांग आता तुपलं." मी वाकले. त्याच्या कानाला दुधाचा वास येत होता. मागं बायका हात उगारून तयार. मी कुर्रर्र केलं आणि हळूच सांगितलं: साईनाथ.

धपाटे पडले. मी सरळ झाले, तर सगळ्या मागं लागल्या. काय नाव, काय नाव? मंदा पाळण्याची दोरी धरून उभी होती. वर बघत नव्हती.

"सांग की अक्का," तीच शेवटी म्हणाली. "तुपलं कोनतं हुतं गं?"

"हेच," मी म्हणाले.

वैशालीनं माझ्याकडं बघितलं. तिला ठाऊक होतं, हे नसणार. तिनं नुसता पाळण्याला झोका दिला. मंदाचं तोंड मात्र उजळत गेलं. तिनं दोरी सोडली, पदरानं डोळे पुसले आणि माझ्या पाठीत असा एक धपाटा घातला, की मी पाळण्यावर आदळता आदळता राहिले.

"हेच हुतं तर सोळा तास हाडं कशाला खिळखिळी करून घेतलीस, येडे? फोनवर सांगायचं की!"